हेरन्सच्या काकू

आमच्या गावातल्या अरीनाच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, छताला एक निळं कापड लटकतं. त्यावर पांढरा बगळा काढलेला आहे आणि खाली 'हेरन्स' अशी अक्षरं आहेत. परवा सईच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, स्केटिंगच्या क्लासला गावात नव्याने आलेली एक आई माझ्या शेजारी बसली होती. तिने वर बघून विचारलं, "हे हेरन्स कोण?" मी म्हटलं, "इथली आइस हॉकीची टीम होती. बंद पडली." ती "ओह, सॅड" म्हणाली आणि फोनमध्ये डोकं घालून बसली. तिची काही चूक नव्हती, तरी मला घरी येईपर्यंत तिचा राग येत राहिला.

आता तिने नीट विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते म्हणा! हॉकीतलं मला आजही फारसं कळत नाही. बर्फावरून सुटणारी ती काळी चकती मला अर्धा वेळ दिसतच नाही. लोक उठून ओरडले की गोल झाला, एवढं समजायचं. हेरन्सचा इतिहास मला माहीत आहे तो वानखेडे काकूंच्या स्वयंपाकघरातून. त्यामुळे तो सांगायला बसले तर त्यात गोल कमी आणि गोळाभात जास्त येईल.

आमचं गाव कॅनडात, हॅमिल्टन आणि किचनरच्या मध्ये कुठेतरी आहे. माझ्या नवऱ्याची, नीलेशची, नोकरी किचनरला, पण तिथली घरं परवडेनात म्हणून दोन हजार पंधरा साली आम्ही इथे आलो. एकेकाळी इथे फर्निचरचे कारखाने होते आणि कारखान्यातल्या लोकांनीच ही टीम काढली होती. कारखाने गेले, टीम राहिली. लीग अगदी छोटी. मोठ्या लीगमध्ये जायची आशा असलेली विशीतली मुलं आणि ती आशा सोडून दिलेले तिशीतले बुवा, असे दोन्ही प्रकार तिच्यात खेळायचे. पगार इतका नावापुरता की भाड्याने घर घेणं अशक्य. म्हणून गावातली कुटुंबं एकेक-दोनदोन खेळाडू सीझनभर आपल्या घरी ठेवून घेत. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्यांनी तिथे राहायचं, जेवायचं, घरच्यासारखं वागायचं. या पद्धतीला इथे 'बिलेट' म्हणतात. गावातली गोरी कुटुंबं हे कितीतरी वर्षं करत आली होती आणि त्यांच्यात एक घर अमरावतीचं होतं.

ते मला कळलं पहिल्या मोठ्या स्नोफॉलच्या दिवशी. नीलेश सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर गेला आणि दहा मिनिटांत कंबर धरून आत आला. मी खिडकीतून बघते तर दोन धिप्पाड गोरी मुलं आमच्या दारातला बर्फ उपसत होती. बघता बघता त्यांनी गाडी मोकळी केली, बेल वाजवली आणि एकाने माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला. म्हणाला, "काकू सेंट अस." डब्यात गरम झुणका होता. मी त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याचे पुढचे दोन दात नव्हते.

डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून मी शिरा केला आणि दोन घरं सोडून असलेल्या त्या घराची बेल वाजवली. दार उघडलं ते सत्तरीच्या एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाईंनी. अंगात नऊवारीही नाही आणि सलवार-कमीजही नाही. ट्रॅकपँट, वर निळी हॉकीची जर्सी, कपाळाला मात्र ठसठशीत कुंकू. वानखेडे काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कुंकू लावायचं त्यांनी थांबवलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणाला विचारायची सोयही ठेवली नव्हती.

"काऊन बाई, तुह्या नवऱ्याले शोव्हल धरता नाई येत का?" हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "पुण्याचे आहेत ते."

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या आणि शिऱ्याचा डबा घेऊन आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले, आणि पुढची अडीच वर्षं जातच राहिले.

काकू कॅनडात आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली होती. काका हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि काकू तिथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झाल्या होत्या. इंग्रजी त्यांचं चोख होतं, पण मराठी बोलताना त्या अमरावतीच्या बाहेर पाऊल टाकत नसत. "मी येतो", "मी सांगतो तुले" असं बोलायच्या. मी सुरुवातीला एकदा हसले, तर म्हणाल्या, "हास, हास. तुमच्या पुण्याच्या भाषेत माणूस जेवला का हे विचारायलेही लाज वाटते."

घरातल्या खेळाडूंना त्या 'माहे पोट्टे' म्हणत आणि सगळ्या टीमला मिळून 'बगळे'. हेरन म्हणजे बगळाच, त्यामुळे त्यात काही चूक नव्हती. पोट्टे त्यांना काकू म्हणत. त्यामुळे कोच काकू म्हणे, तिकीट विकणारी बाई काकू म्हणे, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ते त्यांचं नावच वाटे. बँकेतली मुलगी त्यांना 'मिसेस काकू' म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

त्यांच्या घराचे नियम दोन-चारच होते, पण त्यात सूट नव्हती. हॉकीच्या सामानाला एक वास असतो. तो कशासारखा असतो ते मी सांगणार नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. ती बॅग गॅरेजमध्येच राहायची, उंबरठ्याच्या आत नाही. जेवताना फोन नाही. 'व्हॉट इज धिस' असं ताटाकडे बघून विचारायचं नाही. आधी खायचं, मग विचारायचं. गेमच्या दिवशी दुपारी गोळाभात. बेसनाचे गोळे घालून केलेल्या त्या भातावर लसणाची फोडणी ओतली की दात नसलेला डगसुद्धा तीनदा वाढून घ्यायचा. आमच्या दारातला बर्फ उपसणारा तो हाच. दुसरा होता लुक, क्वेबेकच्या एका खेड्यातला, टीमचा गोलकीपर. त्याला फ्रेंच येत होतं, इंग्रजी अडखळत. काकूंना फ्रेंच अजिबात येत नव्हतं. म्हणून काकू त्याच्याशी सरळ मराठीत बोलायच्या. "इंग्लिशमधी दोघायलेही त्रास," त्या म्हणायच्या, "मराठीत निदान एकाले तरी आराम." आणि लुक "काकू, बस, बस" म्हणत ताटावर हात धरायला शिकला होता.

गेमला काकूंची जागा ठरलेली होती, गोलच्या मागे, काचेपासून तिसऱ्या रांगेत. मांडीवर घोंगडी, थर्मासमध्ये चहा. नियम त्यांना सगळे येत, पण हाणामारी मात्र त्यांना मान्य नव्हती. आता या खेळात हातमोजे फेकून एकमेकांना बुकलणं हा कार्यक्रमाचाच भाग असतो, लोक त्याला टाळ्या वाजवतात, आणि डगला तर टीमने त्यासाठीच ठेवलेलं होतं. एका गेमला त्याने समोरच्या टीममधल्या एका लहान चणीच्या मुलाला विनाकारण पाडलं. रेफरीने डगला पेनल्टी बॉक्समध्ये पाठवलं. चूक केलेल्याने काही मिनिटं काचेआड एकट्याने बसायचं, अशी ती जागा. काकू उठल्या, घोंगडी माझ्याकडे दिली, अख्ख्या मैदानाला वळसा घालून तिथे गेल्या आणि काचेवर बोटाने टकटक केलं.

काय बोलल्या ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पण एवढा सहा फुटी डग मान खाली घालून ऐकत होता हे सगळ्या स्टँडने पाहिलं, आणि गोल झाल्यावर होतात त्याहून मोठ्या टाळ्या झाल्या. परत येऊन काकू बसल्या तेव्हा मी विचारलं, "काय म्हणालात?"

"काई नाई. म्हटलं, तुह्या आईले फोन लावतो."

डगच्या आईचा नंबर त्यांच्याकडे खरंच होता. सगळ्या पोट्ट्यांच्या आयांशी त्या फोनवर बोलत.

पण हेरन्सच्या लोकांना विचाराल तर ते दसऱ्याचीच गोष्ट सांगतील. त्या सीझनची सुरुवात फार वाईट झाली होती, टीम हरतच होती. काकू दरवर्षी दसऱ्याला विळी, शिलाई मशीन आणि गाडीची पूजा करत. त्या वर्षी पोट्टे सकाळी जिमला गेलेले असताना त्यांनी गॅरेजमधून दोघांचे स्केट्स, स्टिक्स आणि लुकचं हेल्मेट काढलं, पुसलं, पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि अंगणातले उरलेसुरले झेंडू घातले. मुलांनी परत येऊन ते पाहिलं आणि बिचारी शूज काढून हात जोडून उभी राहिली. इथपर्यंत सगळं छान होतं. दुपारी लुक आपले स्केट्स उचलायला गेला, तेव्हा काकू मध्ये आल्या.

"हात नको लावू! पूजेतली वस्तू आज उचलत नाई. उद्या."

संध्याकाळी सात वाजता गेम होता. हे काकूंना माहीत नव्हतं असं नाही; सकाळी पूजेच्या भरात त्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र आल्या नव्हत्या, एवढंच. डगने कोचला फोन केला. कोच म्हणाला, टीमकडे जादा स्केट्स आहेत, घेऊन येतो. पण दुसऱ्याचे स्केट्स घालायचे म्हटल्यावर लुक पांढरा पडला. खेळाडूंइतकी शकुन-अपशकुन मानणारी माणसं मी आमच्या आत्याबाईंच्या घरातही पाहिलेली नाहीत. काकूही अस्वस्थ होत्या. पूजा मोडायची तर देवाचं भय आणि न मोडायची तर बगळे हरणार. त्यांनी मला बोलावून घेतलं, जसं काही मी पुण्याहून पंचांगच घेऊन आले होते.

पाच वाजता कोच स्वतः दारात येऊन उभा राहिला. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि अचानक त्यांचा चेहरा उजळला.

"अमरावतीत आता किती वाजले?"

मी हिशोब केला. "रात्रीचे अडीच."

"म्हणजे तिकडे उद्या लागला! दसरा कालच सरला ना बाप्पा!"

त्यांनी घाईघाईने अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि स्केट्स लुकच्या हातात दिले. दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण कोचचा चेहरा बघून मी गप्प बसले. त्या रात्री हेरन्स जिंकले आणि लुकने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच्या हेल्मेटवरची हळद सीझनभर कुणी पुसली नाही.

पुढच्या दसऱ्याला कोच पिकअप ट्रकमध्ये अख्ख्या टीमच्या स्टिक्स घालून घेऊन आला. गॅरेज भरलं, ड्राइव्हवेवर सतरंज्या टाकल्या. आपट्याची पानं कुठून आणणार, तर काकूंनी बर्चची पिवळी पानं वेचून ठेवली होती. प्रत्येक बगळ्याने दुसऱ्याला "सोनं घ्या" म्हणून पान दिलं आणि वाकून काकूंच्या पाया पडला. गेम मात्र दुसऱ्या दिवशी आहे याची खात्री आधीच करून घेतलेली होती. तेवढी सुधारणा काकूंनी केली होती.

हे सगळं बघताना मला एक प्रश्न नेहमी पडायचा. काकूंचा मुलगा अभिजित कॅलगरीला असायचा. चाळिशी ओलांडलेला, तेलाच्या कंपनीत इंजिनियर, लग्न केलेलं नाही. दर रविवारी न चुकता फोन करायचा. काकू फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटत बोलायच्या, त्यामुळे ते बोलणं मलाही पाठ झालं होतं. तब्येत, औषधं, तिकडचं टेंपरेचर, इकडचं टेंपरेचर. शेवटी काकू म्हणायच्या, "अभि, या सीझनला एक गेम पाहाले ये ना." आणि तो म्हणायचा, "नेक्स्ट सीझन नक्की, आई." तो यायचा तो उन्हाळ्यात, आम्ही पुण्याला गेलेले असताना, जेव्हा बर्फही नसे आणि बगळेही नसत. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा भयंकर राग यायचा. परक्यांची मुलं या बाईच्या पाया पडतात आणि याला चार तासांचं विमान जड होतं!

एका दुपारी आम्ही सांभारवड्या करत होतो. सांभार म्हणजे विदर्भात कोथिंबीर. मी न राहवून विचारलं, "अभिजितला हॉकी आवडत नाही का?"

काकूंनी हातातली वडी ताटात ठेवली. "आवडत नाई? येडा होता तो हॉकीसाठी. चौथीत होता. वर्गातले सारे पोट्टे खेळत. ह्यायले विचारलं तर हे म्हणाले, पहाटे पाचले कोण नेईन तुले प्रॅक्टिसले? दात पाडून घेशीन. त्यापेक्षा गणित कर. मी काई बोलली नाई."

"काकांनी नाही म्हटलं, त्याला तुम्ही काय करणार?"

"ऐक ना. मग एक दिवस मी त्याच्या पलंगाखाली झाडून राहिली होती, तर एक पिशवी निघाली. आत स्केट्स. जुनेच, कोण्या मित्रानं देले असतीन. पोरानं लपवून ठेवले होते. ह्यायले दिसले तर घरात तमाशा होईन म्हणून मी ते तसेच उचलले अन् चर्चच्या सेलमधी देऊन टाकले. ह्यायनं नाई देले. मी देले."

"मग अभिजित काय म्हणाला?"

"काईच नाई. तेच तर. शाळेतून आला, पलंगाखाली वाकून पाहिलं, हात धुतले अन् जेवाले बसला. आजपर्यंत त्यानं त्या स्केट्सचं नाव काढलं नाई. मीही नाई काढलं." त्यांनी पुन्हा वडी हातात घेतली. "त्याले गणितात नेहमी चांगले मार्क पडले."

तेलात वड्या सोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मले एकच वाटते. त्यानं एकदा यावं, माह्या बाजूले बसावं अन् एक गेम पाहावा. माफी-बिफी मी काई मागणार नाई. आपल्यात कोण आई मागते? पण बाजूले बसला तर समजून जाईन त्याले."

त्यानंतर मला अभिजितचा पूर्वीसारखा राग येईना. रविवारी "नेक्स्ट सीझन" ऐकलं की मी काकूंकडे न बघता कणकेकडे बघायचे.

आणि मग तो 'नेक्स्ट सीझन'च उरला नाही. टीमचा मालक गाड्यांचा डीलर होता, हौसेखातर टीम चालवायचा. अरीना जुना झालेला, बर्फ गोठवणारं मशीन सारखं बिघडायचं, तिकिटं खपत नव्हती. ख्रिसमसच्या सुमारास त्याने जाहीर केलं की हा शेवटचा सीझन. मार्चनंतर हेरन्स नाहीत.

त्या रविवारी काकूंनी लाटणं बाजूला ठेवून फोन हातात घेतला. "अभि, आता पुढचा सीझन नाई रे बाबा. टीम बंद होऊन राहिली."

मग अभिजित म्हणाला, "फॅमिली डेच्या वीकेंडला होम गेम आहे ना? मी येतो."

काकूंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पाह्य, येतो म्हणाला." मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आल्या.

फेब्रुवारीतल्या त्या सुट्टीच्या शनिवारची तयारी त्यांनी जानेवारीपासून सुरू केली. शेजारच्या सीटवर नेहमी बसणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगून ठेवलं की त्या दिवशी सरकायचं. कोचला सांगितलं. लुकला बजावलं की त्या दिवशी एकही गोल होता कामा नये, आणि लुकनेही छातीवर हात ठेवून कबूल केलं. डगला सांगितलं की मारामारी केलीस तर बघ. मला तर दिवसातून एकदा तरी विचारत, "थंडी वाजणार नाई ना त्याले? कॅलगरीची थंडी कोरडी असते."

आणि त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी टीम बंद पडली. मालकाला मार्चपर्यंतही रेटवेना. प्रॅक्टिस चालू असताना त्याने येऊन सांगितलं की उरलेले गेम होणार नाहीत, सगळे मोकळे आहेत. मी दुपारी काकूंकडे गेले तेव्हा लुक सामानाची बॅग खांद्यावर घेऊन घरात आला होता आणि तसाच सोफ्यावर बसला होता. वास सगळ्या खोलीत पसरला होता. काकूंनी त्याला काही म्हटलं नाही. त्याच्यासमोर भात ठेवून त्या उभ्या होत्या.

शुक्रवारी सकाळी दोघे गेले. डगला पश्चिमेकडच्या एका टीमने बोलावलं होतं. लुकला कुणीच बोलावलं नव्हतं, तो घरी चालला होता. काकूंनी दोघांना डबे दिले, पाठीवरून हात फिरवला. लुक रडायला लागला तेव्हा म्हणाल्या, "रडून नको राहू, रस्त्यात बर्फ आहे, समोर पाहून चालव." लुकला ते सगळं कळलं असावं, कारण त्याने डोळे पुसले आणि मगच गाडी सुरू केली.

गाड्या वळून गेल्यावर मी म्हटलं, "काकू, अभिजितला कळवायला हवं. संध्याकाळी फ्लाइट आहे त्याची. गेमच नाही, आणि तो बिचारा..."

"नाई सांगणार," काकू म्हणाल्या. "सांगितलं तर येणार नाई तो."

"पण आल्यावर काय सांगाल?"

"ते मले माहीत नाई." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एवढ्या वर्षांनी मुलगा गेमसाठी येणार आणि रिकाम्या मैदानासाठी येणार, आणि वर त्याला वाटणार की आईने पुन्हा त्याच्यापासून लपवलं.

शनिवारी गेमची वेळ मोकळी पडली म्हणून गावाने अरीना फुकट स्केटिंगसाठी उघडा ठेवला. फॅमिली डेचा वीकेंड, त्यामुळे गर्दी चांगली होती. मी सईला घेऊन गेले. काकू दिसल्या, त्यांच्याच जागेवर. मांडीवर घोंगडी, आणि घोंगडीचा अर्धा भाग शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर. चष्मा, कानाजवळ पांढरे केस, नाक थेट काकूंचं. दोघंही बर्फाकडे बघत होते.

काकूंनी ओळख करून दिली. मी मूर्खासारखं म्हटलं, "सॉरी, तुमचा गेम हुकला."

"मला गुरुवारीच कळलं होतं," अभिजित म्हणाला. "फोनवर अलर्ट येतो. I follow the team. सगळे स्कोअर्स बघतो मी. इतकी वर्षं बघतोय."

काकूंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही त्या क्षणी कळत होतं.

"गेम नाई माहीत होतं, तर आला काऊन मग?"

"तिकीट काढलं होतं ना, आई," तो म्हणाला आणि पुन्हा बर्फाकडे बघायला लागला.

सईचं मात्र लक्ष त्याच्या बुटांकडे होतं. तिने त्याला विचारलं, "Can you skate?"

"नो," अभिजित म्हणाला. "I never learned."

काकू उठल्या. घोंगडीची घडी करून सीटवर ठेवली आणि पायऱ्या उतरायला लागल्या. जिथे भाड्याने स्केट्स मिळतात त्या खिडकीशी पोहोचल्या, आणि तिथे थांबून राहिल्या. मग वळून वर बघून त्यांनी हाक मारली, "अभि, किती नंबर तुहा?"

घरात राहून गेलेल्या एकूण एक पोट्ट्याच्या पायाचा नंबर त्यांना ठाऊक होता.

"आई, असू दे."

"नंबर सांग."

"...साडेनऊ."

आम्ही खाली गेलो. बर्फावर जायच्या दाराजवळ रबरी जमिनीवर बाकं आहेत. स्केट्सच्या नाड्या फार घट्ट ओढाव्या लागतात, मुलांच्या हातात तेवढा जोर नसतो, त्यामुळे तिथे नेहमी एकच दृश्य असतं. बाकावर पाच-सहा वर्षांची पोरं ओळीने बसलेली आणि प्रत्येकाच्या समोर त्याची आई किंवा बाप गुडघे टेकून नाड्या ओढतोय. मीही सईच्या समोर बसले. आमच्या शेजारच्या बाकावर अभिजित बसला होता. काकूंनी एका हाताने बाक धरलं, हळूहळू खाली झाल्या आणि त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"आई, मी बांधतो. लोक बघतायत. मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"पाहू दे लोकायले. पाय सरळ ठेव." त्या एकेक आडवी नाडी बोटात धरून ओढत होत्या, सगळा जोर लावून. "ढिले राहिले तर घोटा मुरगळते. दुखून राहिलं का?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही, आई."

एक पाय झाला, मग दुसरा. अभिजितने चष्मा काढला होता आणि तो शर्टाला पुसत होता, बराच वेळ पुसत होता. काकू मान वर करून त्याच्याकडे बघत नव्हत्या. शेवटची गाठ मारून त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली, मग त्याच्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याला दंडाला धरून उभं केलं. तो डगमगला, त्याने कठडा पकडला.

"जा आता," काकू म्हणाल्या. "मी बसून आहो इथं."